मुंजाजी, साहेबांना तू काय सांगितलंस?

मुंजाजी,

तुझी शोकसभा म्हणजे तुझा सत्कारच झाला. तू असतास तर पहिल्या रांगेत बसून मिशीवरून बोट फिरवत राहिला असतास. शाळेच्या पटांगणात मंडप होता. मागे फ्लेक्स होता. त्यावर तुझा फोटो होता आणि तुझ्या फोटोहून मोठे फोटो अशा लोकांचे होते, ज्यांना तू कोण हे त्या दिवशीच कळलं असावं. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण शिक्षकाचा हात स्नेहसंमेलनावर बसलेला. त्यानं सवयीनं "जोरदार टाळ्यांच्या गजरात" म्हटलं आणि लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग पाहुण्यांना शाली दिल्या. माणूस तू गेलास आणि शाली जिवंत माणसांना, हे काही मला समजलं नाही. घरी जाऊन तुला लिहू, असं मनात आलं. सवय फार वाईट. ती मंडपातही सुटत नाही.

तोपर्यंत सगळं ठीक होतं. मी मागच्या खुर्चीवर बसून मनातल्या मनात तुझ्यासाठी नोंदी करत होतो. मग तुमच्या खात्याचे साहेब बोलायला उठले.

त्यांनी खिशातून कागद काढला, तो न बघता बोलले, पुन्हा घडी करून ठेवला. तू निष्ठावान होतास, सेवाभावी होतास, हे सगळं झालं. मग म्हणाले, "मुंजाजीराव काळाची पावलं ओळखणारे होते. रोजचं पत्रवाटप बंद करून आठवड्यात दोन वार नेमायचं ठरत होतं, तेव्हा गावोगावहून विरोधाचे अर्ज आले. पण मुंजाजीराव स्वतः माझ्याकडे आले. म्हणाले, आमच्या गावाला रोजच्या टपालाची गरज नाही. पत्रपेटीसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून दिली. असे कर्मचारी आता कुठे मिळतात?"

टाळ्या पडल्या. या वेळी कुणी मागितल्याही नव्हत्या.

मला आधी वाटलं, साहेबांची गल्लत झाली. अशा माणसांना रोज दोन सभा असतात, एका गावचा मुंजाजी दुसऱ्या गावात जाऊ शकतो. पण माझ्या शेजारी बसलेल्या तुझ्या गावकऱ्यानं मान हलवली आणि म्हणाला, "खरं हाय. पाना घेऊन सोता चढला होता आप्पा." तेव्हा कळलं की गल्लत साहेबांची नव्हती.

पेटी गेली त्या दिवशी तू मला काय लिहिलं होतंस ते मला पाठ आहे. "आज पेटी नेली. मी ओट्यावर बसून बघत राहिलो." एवढंच. मी ते वाचून जेवलो नव्हतो. तुझ्या ओट्यावर बसलेल्या त्या चित्रापायी मी दोन दिवस टपाल खात्याला मनातून शिव्या देत परभणीच्या गल्ल्यांतून फिरलो. आणि तू ओट्यावर नव्हतास. तू पाना घेऊन वर होतास.

आपलं सुरू कसं झालं ते लोकांना काय माहीत! पूर्णेच्या शाळेत एका बाकावर बसलो, एवढ्यानं कुणी आयुष्यभर पत्रं लिहीत नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल होऊन परभणीला आलो, तू गावातच राहून चुडाव्याच्या पलीकडच्या त्या खोलीत पोस्टमास्तर झालास. नोकरी लागल्यावर तू पहिलं कार्ड टाकलंस ते केवळ शिक्का कसा उमटतो हे बघायला. तसं त्यात लिहिलंही होतंस. मी उत्तर दिलं आणि सहज म्हणून आपल्या गणिताच्या मास्तरांची आठवण काढली, ते डाव्या पायानं लंगडायचे असं लिहिलं. तुझं उत्तर उलट टपाली: "डाव्या न्हाई, उजव्या. तू शेवटच्या बाकावरून उलटं बघायचास." मी लिहिलं, आपण दोघं एकाच बाकावर होतो. तू लिहिलंस, म्हणून तर म्हणतो. हा वाद मिटलाच नाही. मास्तर गेले, त्यांची शाळा नव्या इमारतीत गेली, आणि आपण म्हातारे होईपर्यंत तो पाय डावा-उजवा करत राहिलो. मी एकदा मास्तरांच्या धाकट्या भावाला गाठून साक्ष काढली, तर तू लिहिलंस, भाऊ सख्खा असला तरी विद्यार्थी नव्हता, त्यानं पाय घरात बघितलेला.

मी तुला पुस्तकं पाठवायचो. तू ती मागून वाचायचास. कादंबरीचं शेवटचं पान आधी. "शेवट चांगला असंल तर सुरवात वाचीन. उगं कशाला जीव घालू?" मी तुला या सवयीवरून अडाणी म्हटलं, रानटी म्हटलं, एकदा तर तुला पुस्तक पाठवणंच बंद करतो म्हणालो. तू काही बदलला नाहीस. मला मात्र अलीकडे नवं पुस्तक हाती घेतलं की अंगठा आपोआप मागच्या पानाकडे जातो.

आणि मग तो दिवस. तू परभणीला आलास, बसस्टँडजवळच्या हॉटेलात आपण चहाला बसलो. बशीत चहा ओतून तू फुंकर घालत राहिलास, पीत नव्हतास. म्हणजे काहीतरी होतं.

"भास्कऱ्या, पत्रं आटली."

"सगळीकडेच आटली."

"सगळीकडचं मला काय करायचंय? आमच्या पेटीत काही पडंना. वरून बघायलेत. पत्र न्हाई तर पेटी न्हाई. पेटी गेली की रोजचं वाटप जाईल. मग मी काय? अंगठा घ्यायचा न् पैसे द्यायचे. त्याला पोस्टमास्तर कशाला पायजे, मशीन बस हाय."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"लिही की! जन्मभर दुसऱ्याची पुस्तकं मोजलीस. रोज एक कार्ड टाक. मी रोज एक टाकतो. येणारं एक, जाणारं एक. थैली रिकामी फिरायची न्हाई."

हे ऐकायला वेड्यासारखं होतं, पण मला आवडलं. सरकारी खातं आपण दोघं मिळून कार्डं लिहून वाचवणार! मी अशा कल्पनांना आयुष्यभर हसत आलो आणि अशी पहिली स्वतःच्या वाट्याला आली तेव्हा मात्र टोपी घालून तयार झालो. तुझ्याहून मी चार पावलं पुढेच गेलो. एका माणसाच्या नावानं किती टपाल दिसणार, म्हणून तुझ्या गावातल्या ओळखीच्या माणसांनाही कार्डं टाकायला लागलो. पुजाऱ्याला एक, गिरणीवाल्या रामकिसनला एक. आपुलकीची, चार ओळींची. त्याचं काय झालं ते तू मला नंतर हसून हसून सांगितलंस.

आपल्याकडे दुःखाचं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. दारातच उभ्यानं वाचायचं, वाचून तिथंच फाडून टाकायचं. पूर्वी सुखाचीही कार्डं यायची म्हणून घरोघर फरक कळायचा. आता लग्न फोनवर, बारसं फोनवर. पोस्टानं येतं ते एखाद्या म्हाताऱ्याच्या दहाव्याचं. त्यामुळे तुझ्या गावात कार्ड म्हणजे मरण, एवढा एकच अर्थ उरलेला. आणि परभणीत बसलेल्या या शहाण्या ग्रंथपालानं गावभर कार्डं वाटली!

तू रामकिसनच्या दारात गेलास. त्याच्या आईनं तुझ्या हातात कार्ड बघितलं आणि हंबरडा फोडला.

"कोन गेलं रं मुंजाजी?"

"कोनी न्हाई गेलं, काकू. परभणीचे सर इचारायलेत, गिरणी कशी चाललीय."

"गिरणी इचारायला कार्ड? खोटं बोलू नको. माझ्या भावाचं हाय ना?"

तू वाचून दाखवलंस, तरी तिला पटेना. तुला वाचता येत असून तू मुद्दाम दुसरंच वाचतो आहेस, असं तिनं ठरवलं. शेवटी रामकिसननं माझं ते आपुलकीचं कार्ड रीतसर दारात फाडलं. रात्री त्याचा मला फोन: "सर, तुमी मोठी मानसं. पन पुन्ना कार्ड नका टाकू. आई जेवंना झाली."

म्हणून पुन्हा आपण दोघंच उरलो. रोज एक तू, रोज एक मी.

मुंजाजी, याच काळात माझी सुमित्रा गेली. तेव्हा घरात माणसं मावत नव्हती आणि प्रत्येकाकडे बोलायला काहीतरी होतं. तू आलास, कोपऱ्यात बसलास, चहा न घेता परत गेलास. मला तेव्हा थोडं लागलं होतं. मग तुझी कार्डं सुरू झाली. त्यांत सांत्वनाचा एक शब्द नव्हता. "आज पिठलं-भाकरी. ठेचा तिखट झाला." दुसऱ्या दिवशी, "आज वरण-बट्टी. बट्टी कच्ची." तिसऱ्या दिवशी पुन्हा पिठलं. मी घरात एकटा, स्वयंपाक येत नाही, डबा लावलेला, आणि दाराखालून रोज एक माणूस आपण काय जेवलो ते मला सांगतोय. मला आधी राग आला. मग एकदा कार्ड उशिरा आलं तेव्हा मी डबा न उघडता बसून राहिलो, आज तू काय जेवलास ते कळल्याशिवाय. त्या वर्षात मी जेवलो तो तुझ्यामुळे. हे मी तुला कधी लिहिलं नाही. लिहायला लाज वाटली. पेटी वाचवायचं निमित्त होतं म्हणून बरं, नाहीतर दोन म्हातारे पुरुष एकमेकांना रोज काय म्हणून लिहिणार? आपल्याकडे त्याला रीत नाही. पेटीसाठी लिहितो, असं तूही म्हणायचास, मीही म्हणायचो.

मी तेव्हा पेपरात तुझ्यावर लेखही लिहिला. एका गावच्या पोस्टमास्तरानं पत्रपेटी कशी जिवंत ठेवलीय, असा माणूस तिथं बसलाय तोवर तिला हात लावायची कुणाची छाती नाही, वगैरे. आज तो लेख वाचला तर त्यासाठी मला कुणी शाल द्यावी असं वाटणार नाही. तू मात्र तो कापून चौकटीत बसवलास आणि पोस्टाच्या खोलीत, कॅलेंडरच्या शेजारी लावलास. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचास. शोकसभेनंतर मी त्या खोलीत डोकावलो. चौकट अजून तिथंच आहे, काच पुसलेली.

तर, त्या लेखानंतर कधीतरी पेटी गेली. वाटप आठवड्यात दोन वारांवर आलं. गावची थैलीही दोनदाच निघायला लागली. तुझी कार्डं मला गठ्ठ्यानं मिळू लागली, एकदम तीन, कधी चार. मी तुला लिहिलं, हे काय चाललंय, अर्ज कर, मी मसुदा करून देतो. तू लिहिलंस, "वरून आलंय. आपल्या हातात न्हाई." मी मसुदा पाठवला. तू पोच दिली नाहीस. मी दुसरा पाठवला, जास्त कडक. तू लिहिलंस, भाषा चांगली हाय. मला वाटलं, तू खचलास. मी तुला धीर देणारी कार्डं लिहिली, मुंजाजी! लढाई हरलेल्या सेनापतीला लिहावीत तशी. तू ती वाचताना काय करत होतास? हसत होतास का? मला खरंच कळायला हवं. हसत असलास तर निदान तुला मजा तरी आली म्हणायची.

सभेनंतर मी तुझ्या घरी गेलो. गयावहिनी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं. मी विचारू नये असं ठरवलं होतं आणि बसल्या बसल्या विचारलं.

"वहिनी, पेटी यानंच काढून दिली?"

त्यांनी पदर सारखा केला. "तुमाला आज कळलं?"

"आज. लाउडस्पीकरवर."

"मी म्हनले होते त्यांना, भावजींना सांगा. तर म्हनले, सांगतो, सांगतो. भ्यायचे तुमाला."

"मला? मला कशाला भ्यायचं?"

"तुमी पेपरात केवढं लिवलं त्यांच्यावर. त्याच्यावर कसं सांगावं मानसानं?"

मला हे उत्तर पटलं नाही. अजूनही नाही. भीती वाटली तर माणूस मित्राला सांगतो, साहेबाला नाही. तू साहेबांपर्यंत जाऊ शकलास, बस बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून. मला सांगायला तर तुला जागचं उठायचंही नव्हतं. हातात पेन होतं, समोर कार्ड होतं, शिक्का तुझ्याच ताब्यात. रोज लिहायचास. पिठल्याचं लिहिलंस, मास्तरांच्या पायाचं लिहिलंस, शेजाऱ्याच्या म्हशीचं लिहिलंस. हे एक सोडून सगळं लिहिलंस.

तेवढ्यात सुरेखा आली. तुझी डाकसेवक. मी तिला नावानं ओळखत होतो, बघितलं त्या दिवशी पहिल्यांदा. एवढी वर्षं माझं प्रत्येक कार्ड या बाईनं फाट्यापासून गावापर्यंत खांद्यावर आणलं आणि मला तिचा चेहरा माहीत नव्हता. तिनं पिशवीतून एक कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. माझंच अक्षर.

"सर, हे परवाच्या थैलीत आलं. आप्पा गेल्यावर. नियमानं 'मयत' लिहून परत धाडावं लागतंय. पन तुमी आलाच हायत तर हातीच घ्या. तेवढीच एक खेप वाचली."

मी घेतलं. खिशात ठेवलं. त्यात काय लिहिलं होतं ते मला आठवत होतं आणि ते इथं सांगण्यासारखं नाही, म्हणजे इतकं साधं होतं.

"तुला माहीत होतं, आप्पा साहेबांकडे गेले होते ते?" मी विचारलं.

"मीच तर होते संगं. माझ्यापायीच गेले की ते."

मग तिनं सांगितलं. तुझ्या गावची काळी माती मला माहीत आहे, लहानपणी तुडवलेली आहे. पण मी ती आठवणीत तुडवत होतो आणि ती रोज खरोखर तुडवत होती. गाडी फाट्यावर थैली टाकून जायची. तिथून ती चालत आणायची. पावसाळ्यात चप्पल हातात, चिखल पोटरीपर्यंत. ओढ्याला पाणी असलं की कुणी बैलगाडीवाला येईपर्यंत अलीकडे थांबायचं. एक दिवस तिनं थांबायचा कंटाळा केला. पाय घसरला, थैली वाचवायला गेली आणि मनगट मोडलं.

"थैली कोरडी ऱ्हायली बघा," ती म्हणाली, आणि तिला त्याचा अजूनही अभिमान होता. "आप्पांनी उघडली. आत तुमचं एकच कार्ड."

"काय होतं त्यात?"

"मी कशाला वाचू लोकाचं? आप्पांनीच वाचलं मोठ्यानं. कोन्या मास्तरच्या पायाचं होतं. डावा का उजवा. मग मला दवाखान्यात नेलं. माझं पिलास्टर सुटायच्या आतच गेले साहेबाकडं."

गयावहिनी हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू आलं. मला दोन्ही आलं नाही. मी त्या मनगटाकडे बघत होतो. ते थोडं वाकडंच बसलंय, तू बघितलं असशील.

हे ऐकल्यावर मी निवळायला हवं होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. तू बरोबर केलंस. दोन म्हाताऱ्यांच्या विरंगुळ्यासाठी तिसऱ्याच बाईनं रोज चिखल तुडवावा, हे कुठल्या तर्कात बसतं? कुणी मला विचारलं असतं, तर मीच तुझ्या आधी साहेबांच्या दारात गेलो असतो. कुणी विचारलंच नाही, हेच तर माझं म्हणणं आहे. तुला वाटलं, हा पुस्तकवाला, याला पेटी म्हणजे झेंडा आहे. याला मनगट दिसायचं नाही. इतक्या वर्षांत तू मला एवढंच ओळखलंस? माझ्याबद्दल तू माझ्याशिवाय ठरवून टाकलंस. माझ्या पाठीमागं शहाणा झालास आणि मला वेडा ठेवलंस. मी अर्जांचे मसुदे करत राहिलो, तू त्यांतली भाषा वाखाणत राहिलास. मुंजाजी, तू पेटी काढलीस त्याचा मला राग नाही. ती लोखंडाची होती, गंजलेलीही होती. तू मला खऱ्या गोष्टीतून काढून टाकलंस. तिथं पाना लागला नाही एवढंच.

निघताना सुरेखा फाट्यापर्यंत सोबत आली. वाट आता खडीची झालीय. ती म्हणाली, लवकर व्हायला पाहिजे होती. मी हो म्हटलं. मग जरा चालल्यावर म्हणाली, "सर, राग नका येऊ देऊ, पन आता कुनाला लिहू नका."

"कुणाला लिहिणार?" मी म्हणालो.

"न्हाई, तसं न्हाई. गावात कुनाला आवडत न्हाई कार्ड आलेलं. भ्यातेत लोक."

तिला ते खरंच माझ्या भल्यासाठी वाटत होतं. आपल्या मोहिमेचा एवढाच सारांश तुझ्या गावात शिल्लक आहे: परभणीचा एक माणूस कार्डं टाकून लोकांना घाबरवतो.

फाट्यावर बस यायला वेळ होता. मी तिला विचारलं, साहेबांसमोर आप्पा नेमकं काय बोलले. ती आधी टाळायला लागली. मी म्हटलं, सांग, मेलेल्या माणसाची चुगली होत नाही. तेव्हा तिनं सांगितलं. तुझा आवाजही काढला थोडा, मान तिरकी करून. चांगला काढते.

"साहेब म्हनले, मुंजाजीराव, तुमच्याकडं तर रोज टपाल हाय, रेकॉर्ड चांगलं हाय. तर आप्पा म्हनले, कशाचं टपाल घेऊन बसलाय साहेब! एक परभणीचा म्हातारा हाय. बायको वारली त्याची. त्याला काम न्हाई, म्हनून लिहितो. त्याच्यासाठी ह्या पोरीचे हातपाय मोडायचे का?"

बस आली. मी बसलो. सुरेखानं खालून हात केला, त्याच हातानं.

म्हातारा. बायको वारलेला. काम नसलेला. हे सगळं खरं आहे, मी यातला एक शब्द खोडू शकत नाही. आजपर्यंत माझं इतकं थोडक्यात वर्णन कुणी केलेलं नाही, आणि मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांच्या शेवटच्या पानांपेक्षा मला ते जास्त लागलं. पूर्णा गेलं, मिरखेल गेलं, परभणी आली, तरी मी तेवढ्याच तीन गोष्टींवर बसून होतो. तू मला दया म्हणून लिहीत होतास, हे मला तुझ्या डाकसेवकाच्या तोंडून, एका फाट्यावर उभं राहून ऐकावं लागलं. माझं रोजचं जेवण, माझं रोजचं दार, माझी एकुलती एक मैत्री, ती साहेबांच्या टेबलावर तू अशी ठेवलीस, म्हाताऱ्याचा चाळा म्हणून.

घरी आलो. दार उघडलं. मी घराबाहेर असताना टपाल येऊन पडलेलं होतं. तुझी तीन कार्डं, एकाच गठ्ठ्यात, तू गेलास त्याच्या आधीची. ती मी अजून वाचलेली नाहीत. त्यांत काय असणार मला माहीत आहे. भाजी असणार, म्हैस असणार. पण ती पडली होती तशी मी उभा राहून बघितली आणि तेव्हा मला तुझ्या साहेबांपुढच्या त्या हिशोबातली चूक दिसली.

एक म्हातारा लिहितो, म्हणालास. थैलीत त्याचंच एक कार्ड, असा तुझा हिशोब. ते येणाऱ्या थैलीचं झालं. जाणाऱ्या थैलीत रोज एक कार्ड असायचं, ते कुणाचं होतं, हे साहेबांनी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. तुला तर काम होतं. बायको होती, गाव होतं. पेटी तू स्वतः उतरवून दिलीस, रोजचं वाटप तू स्वतः बंद करवलंस, म्हणजे थैली भरायचं आपलं ते निमित्तही तू संपवलंस. त्यानंतर तुला एकही कार्ड लिहायची गरज नव्हती. तरी तू रोज लिहीत राहिलास, गठ्ठ्यानं का होईना, शेवटच्या आठवड्यापर्यंत.

का लिहीत होतास, मुंजाजी? मला सांगितलं नाहीस ते नाहीस. निदान साहेबांना तरी सांगायचं होतंस, की म्हातारे दोन आहेत.

— भास्कर